पेढा खाऊन बंद पडलेला कंपूटर

कोणतंही बिघडलेलं यंत्र समोर ठेवलं की चाचा आधी मधल्या बोटाच्या पेराने त्यावर दोनदा ठोकायचे. शेजारच्या घराचं दार वाजवावं तसं, अदबीने. मग कान लावून विचारायचे, "हाये का कोनी घरात?"

रेडिओ असो, मिक्सर असो, कोणाच्या लग्नातला टेबलफॅन असो, रीत हीच. डोळे मिटून ऐकत राहायचे. तोवर गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग निकाल लागायचा. "हाये. पडून हाये, पन हाये," म्हणजे वस्तू दुरुस्त होणार. "घर खाली झालं, बापू," म्हणजे भंगारवाला गाठा.

एकदा शाळेतले एक मास्तर वैतागून म्हणाले, "चाचा, हे नाटक कायले? सरळ पेचकस लावा ना."

"मास्तर, पोराले मारायच्या आधी तुमी नाव तं पुसता ना?" चाचा म्हणाले. मास्तर गप्प बसले, कारण ते पुसत नसत.

यवतमाळात बसस्थानकाकडून आमच्या वस्तीकडे येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली. तिच्यात उघडी पडलेली यंत्रं इतकी, की चाचांना स्वतःला आत शिरायचं तर आधी दोन टीव्ही बाहेर काढावे लागत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. वस्तीत ते कोणी घेत नव्हतं. दोन वर्षांच्या पोरापासून साठीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचे ते चाचाच होते.

तरुणपणी चाचा चार वर्षं मस्कतला राहून आले होते. तिथे त्यांनी काय केलं, हे गिऱ्हाईकाच्या हातात काय आहे यावर ठरायचं. पंखा आणला तर ते पंख्याच्या कारखान्यात होते. शिलाई मशीन आणलं तर एका शेखच्या बेगमचं मशीन फक्त त्यांच्याच हाताने चालायचं. एकदा कोणी चावीचं भिंतीवरचं घड्याळ आणलं, तेव्हा मस्कतच्या बंदरावरचं मोठं घड्याळ निघालं. चार वर्षांत हे सगळं कसं बसवलं असेल, याचा आम्ही पोरी मनातल्या मनात हिशेब लावायचो. कधी जमला नाही. पण वस्तू दुरुस्त होऊन मिळायची, म्हणून कोणी खोदून विचारत नव्हतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. नागपूर-मुंबईहून बातमीदारांच्या गाड्या जिल्ह्यात फिरायच्या. असाच एक बातमीदार बंद पडलेला टेपरेकॉर्डर घेऊन चाचांकडे आला. चाचांनी तो वाजवला, ऐकला, उघडला, चालू करून दिला. यंत्र चालतं का हे पाहण्यासाठी बातमीदाराने लगेच त्यांच्यापुढेच धरलं आणि गंभीर आवाजात विचारलं, "काय सांगाल, इथली परिस्थिती कशी आहे?"

चाचांनी वर पिवळ्या बल्बकडे पाहिलं. "व्होल्टेज कमी हाये," म्हणाले.

त्यांनी थट्टा केली होती, पण तेवढ्यात सगळं येऊन गेलं. आमच्याच घरचं सांगते.

माझे बाबा लोहाऱ्याकडच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्रांपुढे बारा-बारा तास. घरी यायचे ते पांढऱ्या भुवया घेऊन. केसांत, कानांत, पापण्यांवर, सगळीकडे रुईचा भुगा. लहानपणी मला वाटायचं की माझा बाप म्हातारा आहे आणि रोज संध्याकाळी आंघोळ करून तरुण होतो. आई दारातच त्यांना फडक्याने झटकायची. सणासुदीला घरात नवीन कापड नसायचं, पण कापूस मात्र आमच्या डाळीतसुद्धा निघायचा.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि त्यांच्या भुवया काळ्या होत्या. आईने फडकं उचललं, पाहिलं आणि परत खुंटीला अडकवलं. जिनिंग बंद झाली होती. कापूस येत नव्हता, आला तर परवडत नव्हता, मालकाने कुलूप लावलं.  दुसऱ्या दिवसापासून आई शाळेत खिचडी शिजवायला जाऊ लागली. बाबांना मालकाने रखवालदार म्हणून ठेवलं, तेही यंत्रं भंगारात जाईपर्यंतच.

मी त्या वर्षी पास झाले. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखंच आहे. टायपिंगची परीक्षाही दिली होती, मशीनवरची. आमचे टायपिंगचे सर हातांवर पुठ्ठा धरायचे, अक्षरं दिसू द्यायचे नाहीत. "बघून टाइप करणं म्हणजे बोट दाखवून जेवणं," म्हणायचे. त्यामुळे माझ्या बोटांना अक्षरं डोळ्यांपेक्षा जास्त पाठ होती.

त्याच सुमारास एका कार्यालयाची टायपिस्टची जाहिरात निघाली. पदवी हवी, टायपिंग हवं. दोन्ही होतं. खाली एक ओळ होती, चाचणी संगणकावर घेतली जाईल. संगणक मी तोवर फक्त बँकेच्या काचेपलीकडे पाहिला होता. शिकवणीच्या वर्गाची फी विचारून मी घरी परत आले होते आणि घरी तो आकडा सांगितला नव्हता. चाचणीला दीड महिना होता.

बाबांनी ती जाहिरात माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. चार दिवसांनी ते सायकल हातात धरून, चालत घरी आले. मागच्या कॅरिअरवर बारदानात गुंडाळलेलं काहीतरी होतं, सुतळीने करकचून बांधलेलं. हँडलला आणखी एक पिशवी.

"कंपूटर पाह्यजे होता ना तुले? घे," म्हणाले.

जिनिंगच्या हापिसातला तो जुना कंपूटर होता. मुनीमजी तो वापरायचे. गेले काही महिने बंद होता. भंगारवाल्याला फक्त लोखंड हवं होतं, म्हणून बाबांनी मालकाला विचारलं आणि मालक म्हणाला, घेऊन जा. लोहाऱ्यापासून आमच्या घरापर्यंत बाबा सायकलवर बसले नाहीत, की धक्का लागू नये.

अर्धी वस्ती बघायला जमली. आईने खालची सतरंजी काढून पलंगपोस अंथरला, त्यावर तो ठेवला. बटण दाबलं. काही झालं नाही. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "बसू द्या जरा त्याले. दमलं असन."

दुसऱ्या दिवशी तो चाचांच्या दुकानात पोचला. चाचांनी आधी दोन टीव्ही बाहेर काढले, जागा केली, खोका टेबलावर ठेवला. ठोकलं. कान लावला. यावेळी नेहमीपेक्षा बराच वेळ लावून ठेवला.

"कंपूटर येते ना चाचा तुमाले?" बाबांनी विचारलं.

"मस्कतले चार वर्सं दुसरं केलं काय?" चाचा म्हणाले. मग खोक्याकडे बोट दाखवून, "हाये. अंदर बसून हाये. नाराज हाये जरा."

मी म्हटलं, उघडा मग. तर त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला.

"तूच उघड. कंपूटरचा कायदाच हाये तसा. रेडिओ कोनीबी उघडते, पन कंपूटर ज्याचा त्यानंच उघडाव. परका हात लागला का बिघडते."

मला फार बरं वाटलं तेव्हा. पदवीधर मुलीच्या हाती पेचकस देणारा माणूस आमच्या वस्तीत दुसरा नव्हता. मी चार पेच काढले आणि झाकण उचललं.

आत कंपूटर दिसत नव्हता. आत गादी होती. जिनिंगची पाच-सहा वर्षांची रुई पंख्याने ओढून आत घेतली होती आणि ती दाबून-दाबून घट्ट बसली होती. चाचांनी चिमटीने एक कोपरा उचलला तर सगळं एकसंध निघून आलं, उशीच्या आकाराचं. त्यांनी ते बाजूला ठेवलं. "भाभीले दे. लहानी गादी व्हते," म्हणाले.

गादीखाली तांदळाचे दाणे होते. कुंकवात माखलेले. मूठभर तरी असतील. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या. आणि फ्लॉपी घालायची जी चीर असते, तिच्या आत काहीतरी तपकिरी, दगडासारखं घट्ट, मेलेल्या मुंग्यांनी भरलेलं. चाचांनी ते उकरून काढलं, नाकाशी नेलं, बाबांकडे पाहिलं.

"पेढा हाये हा," म्हणाले.

बाबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना सगळं आठवलं. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला मुनीमजी वह्यांची पूजा करायचे. वह्या जाऊन कंपूटर आला, तेव्हा कंपूटरची करू लागले. आधी समोरून हळद-कुंकू. मग वरच्या जाळीतून अक्षता. मग कीबोर्डच्या काठाशी नारळ फोडायचा, पाणी वाहायचं तिकडे वाहायचं. शेवटी नैवेद्य. आता नैवेद्य दाखवायचा कुठे? मुनीमजींनी बरंच पाहिलं असणार. कंपूटरला तोंडासारखं एकच काहीतरी होतं.

"बिच्चारं उपाशी नाही मेलं," चाचा म्हणाले. "खाऊ-खाऊ मेलं."

हसून हसून आम्ही तिघं दमलो. बाबांना त्या काळ्या भुवयांच्या दिवसांनंतर हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण हसता हसताच चाचांनी एका कोऱ्या कागदावर त्या अक्षता एकेक करून वेचल्या, पाकळ्याही वेचल्या, पुडी बांधली आणि बाबांच्या खिशात घातली. "तुळशीत टाका. लक्ष्मीचं हाये, असं तसं फेकू नोका."

पुढचे पंधरा दिवस मी रोज दुकानात जात होते. सकाळी भारनियमन असायचं, म्हणून सफाईची कामं सकाळी आणि विजेची दुपारी. रंगाच्या ब्रशने मी एकेक पट्टी साफ केली. चाचा समोर बसून सांगायचे, म्हणजे सांगायचे असं मला वाटायचं. खरं तर विचारायचे. "हे काय वाटते तुले?" मी म्हणायची, "माहीत नाही." ते म्हणायचे, "बरोबर. मंग काहाडून पाह्य." निघालं की म्हणायचे, "आता कसं निंगलं थे ध्यानात ठेव, तसंच बसव." एक हिरवी पट्टी होती, तिची पितळी टोकं काळी पडली होती. मी ती शाळेच्या खोडरबराने घासली, कारण लहानपणी मी नाणी तशीच चमकवायची. चाचा म्हणाले, "शाब्बास. मस्कतलेबी असंच करत."

वीज मात्र त्यांची होती. वीजपुरवठ्याचा डबा उघडला तेव्हा त्यांनी मला हात लावू दिला नाही, कायदाबियदा सगळा विसरले. "हट तिकडं. हे चावते." आतले दोन फुगलेले भाग काढून त्यांनी एका मेलेल्या टीव्हीतले दोन बसवले. तेवढा वेळ ते एकही थाप मारत नव्हते. बोटं अशी चालत होती की मी पेचकस खाली ठेवून नुसती पाहत बसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माणसाला काय येतं आणि काय येत नाही. पण मी एकवीस वर्षांची होते, आणि मस्कत लांब होतं.

कीबोर्डचं काम तेवढं राहिलं होतं. नारळाच्या पाण्याने बटणं चिकटली होती. चाचा म्हणाले, हे मी करतो, उद्या ये. दुसऱ्या दिवशी गेले तर कीबोर्ड लखलखत होता. सगळी बटणं सुटी करून साबणाच्या पाण्यात धुतली होती, वाळवली होती, परत बसवली होती. चाचा खूष होते.

"मुनीमनं निरी वाट लावली व्हती. अक्षरं कुठच्या कुठं. क्यू काय पहिले, डब्ल्यू काय. म्या लाइनीनं लावून देल्ली."

मी पाहिलं. वरच्या ओळीत ए बी सी डी ई एफ. दुसऱ्या ओळीत पुढचं. तिसऱ्या ओळीत झेडपर्यंत. एका ओळीत एक जागा उरली, तिथे त्यांनी स्वल्पविराम सरकवून जागा भरली होती.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? माझ्या तोंडाशी आलं होतं. पण त्यांच्या बोटांची टोकं साबणाच्या पाण्याने सुरकुतली होती. ते माझ्याकडे बघत होते, आता ही काय म्हणते म्हणून.

"छान लावली, चाचा," मी म्हटलं.

खरं म्हणजे मला फरकच पडत नव्हता. आमच्या सरांचा पुठ्ठा आठवा. बटणावर काही का लिहिलेलं असेना, माझी बोटं जिथे जायची तिथेच जाणार होती.

बटणाएवढा एक सेल आत लागत होता, तो चाचांनी एका एसटी ड्रायव्हरकडून नागपूरहून मागवला. सेल आला त्या दुपारी बाबाही दुकानात होते. मी बटण दाबलं. पंखा फिरला. एक बारीक पी असा आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. शेवटची ओळ होती, आजची तारीख सांगा.

मी मराठीत सांगितलं तसे चाचा बाबांना म्हणाले, "पाह्य. तारीख पुसून राह्यलं. शुद्धीवर आलेला मानूस पहिले हेच पुसते."

बाबांनी तारीख सांगितली. मी टाइप केली. बाबा दाराकडे तोंड करून उभे राहिले.

आमच्या घरी व्होल्टेज पुरत नव्हतं, म्हणून कंपूटर दुकानातच राहिला. रोज दुपारी दोन ते पाच मी तिथे टाइप करत बसायची. चाचांनी यातून लगेच खेळ काढला. कोणी गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "तुमचं नाव लिवून पाहा बरं." गिऱ्हाईक एकेक अक्षर शोधून दाबायचं आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. मग मी खाली न बघता तेच नाव झरझर लिहायची. लोक तोंडात बोट घालायचे. चाचा म्हणायचे, "हे पोरगी शिकेल हाये. कंपूटर वळखते तिले." लोकांना वाटायचं जादू आहे. चाचांनाही तसंच वाटायचं.

चाचणीचा दिवस आला. हॉलमध्ये वीस कंपूटर, सगळ्यांचे पडदे रंगीत. हिरवी टेकडी, निळं आभाळ. काळा पडदा कुठेच नव्हता. शिटी वाजली तशी सगळ्यांनी उजवा हात एका गुळगुळीत डबीवर ठेवला आणि टकटक सुरू केली. माझ्याही टेबलावर ती डबी होती, शेपटीवाली. मी ती उचलली, उलटी करून पाहिली. खाली ठेवून दाबली. पडद्यावर एक बाण जागच्या जागी थरथरला.

देखरेखीवरच्या बाई म्हणाल्या, "आधी फाइलवर क्लिक करा."

"कशाने?" मी विचारलं.

"माऊसने," त्या डबीकडे बोट दाखवून म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. दहा मिनिटांत टाइप करायचा उतारा माझ्या हातात होता, बोटं तयार होती, आणि कागद उघडायचं दारच मला माहीत नव्हतं. वेळ संपला. मी नापास झाले. लपवण्यात काही अर्थ नाही.

तिथून मी घरी न जाता सरळ दुकानात गेले.

"चाचा, मस्कतला कंपूटर उघडले ना तुम्ही? मग माऊस म्हणजे काय ते मला का नाही सांगितलं?"

चाचा एका इस्त्रीची वायर कापत होते. त्यांनी ती खाली ठेवली. मला वाटलं, आता मस्कतचे माऊस येतील.

"मस्कतले म्या हाटेलात भांडे घासले, बेटा," ते म्हणाले. "चारही वर्सं."

मी बाहेर काढलेल्या टीव्हीवर बसले.

"तुया हातानं झाकन उघडलं, तवाच कंपूटर अंदरून पहिल्या खेपेस पाह्यला म्या. म्हनून तं तुले उघडाले लावलं."

"मग नाही म्हणायचं ना. येत नाही म्हणून सांगायचं होतं."

"तुहा बाप लोहाऱ्यावून पैदल घेऊन आला थे. त्याले कसं नाही म्हनू?"

मी तरीही रागातच होते. घरी येऊन रडले, सांगते तुम्हाला, आणि चाचांना दोन शिव्याही दिल्या मनातल्या मनात. एक बाबांना द्यायची राहून गेली, एक मुनीमजींनाही दिली. दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचाच आमच्या दारात उभे. पांढरा धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. आईला म्हणाले, "भाभी, पोरगी घेऊन जातो. शाळेत नाव टाकाचं हाये."

बसस्थानकाजवळ तो शिकवणीचा वर्ग होता, ज्याची फी मी घरी सांगितली नव्हती. तिथले सर पंचविशीतले होते आणि कातावलेले होते, कारण भारनियमन सुरू झालं की त्यांच्या सगळ्या बॅटऱ्या एका मिनिटात मान टाकायच्या आणि पोरं फी परत मागायची. चाचांनी आत जाऊन एकेक बॅटरीचा डबा ठोकून पाहिला. ठरलं ते असं, की चाचांनी वर्षभर बॅटऱ्या सांभाळायच्या आणि बदल्यात दोन जागा.

"दोन कोणाच्या?" सरांनी विचारलं.

"एक हिची. एक माही."

सरांना वाटलं थट्टा आहे. मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा वही आणि पेन घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. बाकी सगळी कॉलेजची पोरं.

पडद्यावरचा बाण त्यांना फार छळायचा. माऊस ते दोन्ही हातांनी धरायचे, फुटक्या बरणीसारखा. बाण कडेला जाऊन दिसेनासा झाला की खुर्चीवरून उठून पडद्याच्या मागे वाकून बघायचे. "कुठं गेला? बाहीर तं नाही पडला?" सगळा वर्ग हसायचा. एक पोरगी म्हणाली, "चाचा, तुम्ही मस्कतला होते ना?" चाचा म्हणाले, "होतो. पन तिथं हे जनावर नव्हतं."

हात बसावा म्हणून सर सगळ्यांना पडद्यावरचे पत्ते लावायला द्यायचे. चाचांनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता, चाचींना दिलेला शब्द होता. त्यांनी पत्ते पाहिले, दाराकडे पाहिलं, मग मला हळूच म्हणाले, "हात कुठं लावून राह्यलो? माऊसच लावून राह्यला." आठ दिवसांत ते वर्गात सगळ्यांत लवकर डाव लावू लागले. पंधराव्या दिवशी चाचीच वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या, डबा घेऊन. चाचांनी एका बोटाने डाव असा मिटवला की सर बघतच राहिले. ती युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती.

एक दिवस वर्गातला कीबोर्ड निरखत ते बराच वेळ बसले. मग बोट ठेवत मोजू लागले. क्यू, डब्ल्यू, ई. शेजारच्या कंपूटरचा पाहिला, पलीकडचा पाहिला. माझ्याकडे वळले.

"मुनीमनं वाट नव्हती लावली."

"नाही," मी म्हटलं.

"तुले पहिल्या दिवसापासून मालूम व्हतं."

"हो."

"मंग बोल्ली काहून नाही?"

मी म्हटलं, "तुम्ही धुवून आणला होता ना."

चाचांनी पेन उघडलं. वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मी वाकून पाहिलं तर नुसत्या रेघा होत्या. थोड्या वेळाने म्हणाले, "पक्की चोर हायेस तू," आणि बाकीचा तास त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

वर्गाच्या शेवटी परीक्षा होती. चाचाही बसले. मला एक्क्याऐंशी गुण मिळाले आणि चाचांना चौऱ्याऐंशी, कारण बॅटरी आणि वीजपुरवठ्यावर एक मोठा प्रश्न आला होता आणि त्यांनी तो पुरवणी घेऊन लिहिला. प्रमाणपत्र त्यांनी काचेत घालून दुकानात लावलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कमावलेला तो एकच कागद, अगदी खरा, यवतमाळात मिळालेला. गिऱ्हाईकाने विचारलं की सांगायचे, "मस्कतचा हाये."

सहा महिन्यांनी दुसऱ्या कार्यालयाची जाहिरात आली. पुन्हा हॉल, पुन्हा वीस पडदे. शिटी वाजली तसा मी माऊस धरला, कागद उघडला आणि मग खाली पाहिलं नाही. उतारा संपला तेव्हा वेळ उरला होता.

कामावर रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी शिपाई येऊन म्हणाला, "बाई, खिडकीशी एक म्हातारा उभा हाये. काम इचारलं तं म्हनते काम नाही, पाहून राह्यलो." मी मान वळवली. खिडकीच्या गजांपलीकडे पांढरा सदरा होता. मी उठू लागले तशी त्यांनी हाताने खूण केली, बस, चालू ठेव. मी चालू ठेवलं. त्या दिवशीचं पत्र साधंच होतं, कुठल्या तरी खुर्च्यांच्या मागणीचं. मी ते त्यांना दिसेल असं, पडद्याकडे बघत, एका दमात लिहिलं. संपवून पाहिलं तर खिडकीत कोणी नव्हतं.

पुढे चाची वारल्यावर चाचांची मुलगी त्यांना वणीला घेऊन गेली. कोळशाच्या धुळीच्या गावात रेडिओ लवकर बिघडतात, काम भरपूर आहे, असं ते फोनवर सांगायचे. तिथेच ते वारले. मला उशिरा कळलं. मी वणीला गेले तेव्हा मुलीने चहा दिला आणि सांगितलं की शेवटच्या आजारपणातसुद्धा दवाखान्यातल्या सलाईनच्या यंत्राची आवाजावरून चूक काढून ते नर्सशी भांडत होते. यंत्र खरंच बिघडलेलं निघालं. यवतमाळच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

कार्यालयात मला आता बरीच वर्षं झाली. मी वरिष्ठ लिपिक आहे. बाबांना मी रोजंदारी सोडायला लावली, आईची खिचडी सुटली, धाकट्या बहिणीला मी इंजिनिअर केलं. आमच्या घरात महिन्याच्या पगाराची नोकरी मिळवणारी मी पहिली.